न दिसणारा सांधा

नातवाचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षी ओट्याखालच्या कपाटाचं दार कुजून बिजागरीसकट हातात आलं. म्हणून फरशीवाला ओटा उखडत होता. मुलगा कामावर गेला होता. सून नाकाला पदर लावून दारात उभी होती. तिचा सासरा, म्हातारा मिस्त्री, खुर्चीत बसून नुसता बघत होता.

सिंक काढून फरशीवाल्यानं पहार घातली, तसा उजवीकडचा ग्रॅनाइट सुटून वर आला. खालून वास उसळला. दगडाखाली काळा लगदा साचला होता. त्यात खरकटं, केस, साबणाचा साका, मेलेली झुरळं. पांढऱ्या अळ्या उजेड लागताच वळवळल्या. फरशीवाला मागं सरला आणि खिडकीतून थुंकला.

वास घराला नवा नव्हता. सून आल्यापासून आठ वर्षं तो होताच. सासूनं त्याचा ठपका सुनेवर ठेवला होता.

"तुझ्या माहेरी फडकं धुतात की नुसतंच वाळवतात?" ती चार पाहुण्यांत विचारायची.

सून सोडा टाकून घासायची, उकळतं पाणी ओतायची. बोटांची सालं निघाली, वास गेला नाही. पुढे पुढे ती स्वतःचेच हात हुंगून बघायला लागली. जेवताना तिला घास उतरेना.

ओटा सासऱ्यानं बसवला होता, मुलाच्या लग्नाआधी महिनाभर. दगड दोन, पण बघणाऱ्याला एकच वाटावा असा. तो गिऱ्हाइकांना मुद्दाम घरी आणायचा. "सांधा शोधून दाखवा, मग पुढचं बोलू," म्हणायचा. कुणाला तो सापडला नाही. या एका ओट्यावर त्याला निम्म्या गावाची कामं मिळाली.

"हे बघा," फरशीवाला म्हणाला. "सांधा सिंकच्या मधोमध घेतलाय. सिंकच्या पुढं चार बोटं, मागं चार बोटं, एवढाच काय तो वर राहतो. दिसत नाही, कबूल. पण दिवसभर पाणी तिथंच की! कोरड्या जागी घ्यायचा असतो, खाली भिंतीचा आधार बघून. दिसला तर दिसला. कुठल्या गाढवानं केलंय हे?"

"मी," म्हातारा म्हणाला.

फरशीवाल्यानं जीभ चावली. सुनेनं नाकावरचा पदर काढला.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच वर्षी. तुम्ही सगळे बाहेर गेलात की फट भरून घ्यायचो. रंग जुळवून."

"आणि आई मला बोलायच्या तेव्हा?"

"तिला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. धंदा होता गं माझा. आता सोडला धंदा." म्हाताऱ्यानं मान वर केली. "आज सांगितलं ना? कुणी न विचारता सांगितलं असतं मी. या माणसानं विचारलं एवढंच."

सुनेला कोरडी उलटी आली. अळ्या बघताना आली नव्हती.

सासू चार महिन्यांपूर्वी वारली, एका गुरुवारी सकाळी. शेवटचे नऊ दिवस तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. तहान लागली की ती शेजारणीला हाक मारायची, आणि म्हातारा उशाशी बसलेला असायचा.