धूळ बसू दिली नाही

वलीने खिशातून चुंबक काढलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यावर फडकं गुंडाळलं आणि ते गाडीच्या दारावर ठेवलं. चिकटलं. मागच्या मडगार्डवर ठेवलं, तिथेही चिकटलं. म्हणजे आत लोखंडच होतं, पुट्टी भरून वर रंग फासलेला नव्हता. जुन्या गाड्या घेऊन, उघडून, नव्या करून विकण्यात वलीची उमर गेली होती. माल आवडला की चेहरा पाडायचा, ही त्याची सवय. त्याने चेहरा पाडला.

"काय झालं?" कमलिनीताईंनी लगेच विचारलं.

"काही नाही ताई. बघतोय."

गाडी अमेरिकन होती, एकोणीसशे एकाहत्तरची. लांबलचक बोनेट, आठ सिलेंडरचं इंजिन, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. रिटायर झाल्यावर स्वतःच्या हाताने नवी करायची म्हणून ताईंच्या यजमानांनी, जगन्नाथरावांनी, ती घेतली होती. मग त्यांना झटका आला आणि अर्धं अंग गेलं. आता दोघं आखात सोडून कायमचे नाशिकला निघाले होते. जगन्नाथराव वर, गाडी उभी होती त्या अल नहदातल्या इमारतीच्या खिडकीत, खुर्ची ओढून खाली बघत बसले होते.

"चार वर्षं झाली ह्यांना खाली उतरून," ताई म्हणाल्या. "पण मी गाडीवर धूळ बसू दिली नाही हो. धूळ दिसली की बलदियाचे, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीचे लोक बेवारस समजतात, काचेवर नोटीस चिकटवतात आणि गाडी उचलून नेतात. म्हणून दर गुरुवारी वॉचमनला सांगून पाइपने धुवून घेते. धुतली की लगेच कव्हर. काल परत धुतली, तुम्ही येणार म्हणून."

वलीने मान डोलावली आणि दार उघडलं. आतून ओलसर वास आला. त्याने रबरी मॅट काढली, खालचं कार्पेट उचललं आणि पत्र्यावर अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पत्रा खचला. पलीकडे जाऊन बघितलं. तिकडेही तेच.

ह्या मुलखात गाड्या उन्हाने करपतात, पण गंजत नाहीत. इथे पाऊस पडतोच किती? हिच्यावर मात्र दर गुरुवारी पडला होता. काचेखालच्या जाळीतून पाणी आत उतरलं, वरून कव्हर असल्यामुळे वाळलं नाही, आणि फ्लोअर सगळा खाऊन गेला. वलीने मनात आकडा बदलला. फोनवर तो पस्तीस हजार दिरहम बोलला होता, आता पंधराच्या वर एक द्यायचा नाही. भाव पाडणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात ताईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावून तो पुढे धरला.

"वलीभाई," जगन्नाथराव एकेक शब्द जुळवत म्हणाले, "फ्लोअर... बघितला का? जुन्या गाडीत... सगळं फ्लोअरवर असतं."

ताई वलीच्या तोंडाकडे बघत होत्या. दहावीचा निकाल ऐकायला उभ्या असल्यासारख्या.

वलीने अंगठा पँटला पुसला.

"बघितला साहेब. टणटणीत आहे."

"हिने सांभाळली," पलीकडून आवाज आला. "मी ओरडायचो... कशाला सारखी धुतेस म्हणून."

"ताईंनी सांभाळली म्हणून तर राहिली."

"मग... पस्तीस?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. टणटणीत फ्लोअरचे पंधरा कसे देणार?

"पस्तीस साहेब. खलास."

"साडेआठ लाख रुपये झाले की हो!" ताई फोनमध्ये म्हणाल्या आणि हसल्या. वलीला स्वतःचा भयंकर राग आला. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजांत ही गोष्ट कळली तर पोरं महिनाभर त्याची चेष्टा करणार होती. पण त्या हसणाऱ्या बाईकडे बघून शब्द फिरवायचा धीरही त्याला होईना.

थोड्या वेळाने रिकव्हरीचा ट्रक आला. ड्रायव्हरने ट्रकचा पाट तिरका केला आणि गाडीच्या नाकाला साखळी लावली.

"यल्ला भाई, धीरे से," वली म्हणाला.

गाडीचं नाक वर चढू लागलं, शेपूट खाली गेलं. आणि दाराखालून पाणी ठिबकायला लागलं. मग धार लागली. तांबडं, गंजाचं पाणी. कोरड्या ठक्क जमिनीवर ते पसरत गेलं. थांबेना.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"एसीचं पाणी असेल," वलीच्या तोंडून गेलं. गाडीत एसी नव्हता.

ताईंनी पाण्याकडे बघितलं. मग वलीच्या पँटवरच्या अंगठ्याच्या तांबड्या डागाकडे. मग पुन्हा पाण्याकडे. त्यांचं हसू केव्हाच गेलं होतं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण हातातला फोन पुन्हा वाजला.

"खाली... काय सांडतंय गं?"

ताई दोन पावलं पुढे झाल्या आणि त्या पाण्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "काल धुतली ना मी."

पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं. साडीची किनार तांबडी होत चालली होती. त्या हलल्या नाहीत. मान वर करून खिडकीकडे हात हलवत राहिल्या.