शेरूची जागा

मागच्या पुरात मनीषनगरातल्या घरात गळ्याइतकं पाणी शिरलं, म्हणून यंदा जितेंद्रनं घरच्यांकडून पळायची तालीम करून घेतली. माणसं, औषधं, कागदपत्रं गाडीत बसली. गोधडीत गुंडाळलेला टीव्हीही बसला. शेरू मात्र फाटकाशी साखळीनं बांधलेलाच. "अन् याचं काय?" म्हाताऱ्या रुपरावनं लेकाला विचारलं. "जागा नाही, बाबा. कुत्र्याले पोहता येते, टीव्हीले येते का?" रुपराव असा कडाडला, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट रामटेकच्या गडावर जाऊन टेकली. "बांधलेला कुत्रा कसा पोहते गा? पुरात याच्याच भुंकण्यानं जागा झाला होता ना तू?" त्यानं साखळी सोडून शेरूला स्वतःच्या जागेवर बसवलं. "ने याले. पोहता मलेही येते." सूनबाईनं जितेंद्रला खाली उतरवलं, टीव्ही त्याच्या कडेवर दिला अन् स्टेअरिंग धरलं. "बसा मामाजी. हे पोहत येतीन."