टाकीवरची हिरवळ

बागेच्या हिरवळीत मधोमध कोणीतरी सारखं लिंबाचं रोप लावत होतं आणि माळी ते उपटून उपटून मेटाकुटीला आला होता. आज मात्र चोर मुद्देमालासकट सापडला. पिकल्या केसांच्या एक बाई रोपाला पाणी घालत बसल्या होत्या.

"आजी, इथे फक्त गवत लावतात," तो कावून म्हणाला. "तुम्ही बसलाय ना, ते शहराच्या पाण्याच्या टाकीचं छत आहे. पूर्वी टाकी उघडीच होती. एक मुलगी बुडाली, तेव्हा कुठे नगरपालिकेला जाग आली. वर स्लॅब घातला, त्यावर माती पसरून ही बाग केली. झाडाची मुळं खाली गेली की स्लॅबला तडे जातात."

"आणि तडे गेले तर?"

त्याने पलीकडे पकडापकडी खेळणाऱ्या पोरांकडे बोट दाखवलं. "तर ही पोरं थेट पाण्यात."

बाईंनी पोरांकडे पाहिलं. मग स्वतःच रोप मुळासकट उपटलं. उघडी पडलेली माती त्या कितीतरी वेळ हलक्या हाताने थोपटत राहिल्या.

"माझी गेली, तेवढी पुरे," त्या म्हणाल्या.