पुरुषांची रांग

मास्तरांचे पाय बाथरूमच्या दारात पुन्हा चिकटले. बायकोने समोरून त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती थांबली. मास्तरही थांबले. हातांची थरथर तेवढी चालू होती.

"अहो, चला ना."

"चलतोय की," मास्तर म्हणाले. कुठले चलतायत! फरशीने धरून ठेवल्यासारखे उभे.

नाचणाऱ्यांत तिला सगळे भिंगरी म्हणत. तीस वर्षं या नवरा-बायकोंनी जोडीने साल्सा नाच केला आणि शिकवला. मास्तरांनी बोट हलवायचा अवकाश, भिंगरीच्या तीन गिरक्या घेऊन झालेल्या असायच्या. त्यांच्या इशाऱ्यावर ती उलट्या पावलांनी अख्खा हॉल पार करायची, तोंडावरचं हसू न ढळता. मग मास्तरांना कंपवात जडला. मोकळ्या खोलीत ते अजून चालायचे, पण दार आलं की खेळ खलास. डॉक्टर म्हणाले, पायांत जोर आहे, सुरुवात तेवढी हरवलीय. ठेका देऊन बघा.

भिंगरीने आपल्या पोतडीत होतं नव्हतं ते सगळं काढलं. जोरकस गाणं लावलं, टाळ्या वाजवल्या, त्यांना अर्धी गिरकी देऊन पाहिली. मास्तर पडता पडता वाचले. मंगळवारी दारातच त्यांचा पायजमा ओला झाला. भिंतीकडे तोंड करून ते रडले, आणि तिला काही सुचेना म्हणून तीही रडली. आता पलंगापाशीच सोय करा, डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मास्तरांनी पाणी पिणंच कमी केलं. ओठ सुकले तरी ग्लासाला हात लावेनात.

शनिवारी भिंगरी लेकीच्या नाचाच्या वर्गात गेली. नवशिक्यांचा वर्ग. ती सरळ जाऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहिली.

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या भिंतीवर आईचा चषक घेतलेला फोटो, आणि त्याच्याखाली आई, पहिल्या दिवशी आलेल्या एका बेकरीवाल्याच्या शेजारी.

"आई, हे काय?"

"मला पहिलं पाऊल शिकव. पुरुषाचं."

"अगं, तूच तर शिकवलंस मला!"

"मी बाईचं शिकवलं. पुरुषाचं तुझ्या बाबांनी."

लेक रांगेसमोर जाऊन उभी राहिली. तिने मोजायला सुरुवात केली. सगळ्या रांगेचा डावा पाय पुढे गेला, भिंगरीचा उजवा मागे. पुन्हा मोजलं, पुन्हा उजवा मागे. तिसऱ्या खेपेला तिची टाच मागच्या माणसाच्या अंगठ्यावर पडली. तो बिचारा कळवळला आणि वर फोटोकडे बघून त्यानेच माफी मागितली.

मग जोड्या लागल्या. तिच्या वाट्याला एक नर्सबाई आली, नाचात दोन आठवड्यांची शिकाऊ. भिंगरीने तिचे हात धरले आणि उभी राहिली. नर्सबाईही उभी राहिली. बाकीच्या जोड्या पुढे-मागे हलत होत्या, या दोघी खांबासारख्या.

"काकू," शेवटी नर्सबाई हळूच म्हणाली, "मी तुमची वाट बघतेय आणि तुम्ही माझी. निघायचं कुणी?"

भिंगरीला बाथरूमचं दार आठवलं. घरी रोज सकाळी दुसरं काय चाललं होतं? मास्तर इशारा देतील म्हणून ती थांबायची. आणि ज्यांच्याकडे इशाराच उरला नव्हता ते तिच्याकडे बघत राहायचे.

लेक जवळ आली. "समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते आधी हाताला कळू दे. भार असलेला पाय कुणाच्या बापालाही उचलता येत नाही." 'बापालाही' म्हणताच तिने जीभ चावली. मग आवाज उतरवून म्हणाली, "भार एका बाजूला ने. मग तू पुढे ये."

हे भिंगरीला माहीत नव्हतं थोडंच! पहिल्या तासाला हेच तर सांगतात. तिने शेकडो जणांना सांगितलं होतं आणि पुढच्या गिरक्यांच्या नादात स्वतः कधीच विसरून गेली होती. ती चार शनिवार त्या रांगेत उभी राहिली. चौथ्या शनिवारी तिचा डावा पाय पहिल्यांदा न चुकता पुढे गेला.

रविवारी सकाळी तिने मास्तरांना दाराच्या अलीकडेच थांबवलं. "वळा. पाठ बाथरूमकडे, तोंड माझ्याकडे."

"मी काय बाई आहे?"

"या दारापुरते."

ते वळले, एक पाऊल मागे सरले आणि चौकटीत अडकले. व्हायचं तेच झालं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. भिंगरीलाही हात सोडून खाली बसावंसं वाटलं. पण तिने गाणं लावलं नाही, घाईही केली नाही. त्यांना हलकेच डावीकडे झुकवलं. उजवा पाय मोकळा झाल्याचं तिच्या तळहाताला कळलं, तशी तिने स्वतःचा डावा पाय पुढे टाकला.

मास्तरांचा उजवा मागे गेला.

मग दुसऱ्या बाजूला भार, आणि दुसरं पाऊल. तिसऱ्याला ते चौकटीच्या आत होते. भिंगरी त्यांच्या खांद्यावरून नळ, बादली, ओली फरशी बघत होती. उद्या जमेल की नाही, देव जाणे.

मास्तरांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. तिची बोटं त्यांनी इतकी आवळली होती की दुखायला लागली.

"मागचं काही म्हणजे काही दिसत नाही गं," ते म्हणाले. "तीस वर्षं तू अशीच जात होतीस?"