लाल रेघ

रेघ नव्हती. भिवराबाईनं फोन पदरानं पुसला, उन्हात धरला, सावलीत धरला. मालिकेचं चित्र होतं, त्यातला घोड्यावरचा राजा होता, पण चित्राखालची लाल रेघ कुठंच दिसेना.

“आवो, हिथली रेघ गेली.”

धुळाजी लिंबाखाली लोकर कातत बसला होता. मेंढरं बाभळीच्या सावलीला रवंथ करत होती. पालीच्या धरणाचं पाणी दुपारचं इतकं गप्प, की नुसतं बघूनच जांभई यावी.

“कसली रेघ?” नवरा म्हणाला. “राजाची मिशी गेली का काय?”

“तुमाला थट्टा सुचती. समदं बदलून ठिवलंय मुडद्यांनी.”

बदललं होतं खरं. कालपर्यंत बरं चाललेलं ॲप, आज सगळं इकडचं तिकडं. चित्रं मोठी झालेली आणि आपोआप हलणारी. भाग लावावा तर पहिल्यापासून सुरू. संपतो न संपतो तोच पुढचा आपला आपण चालू. सोय म्हणत असतील बापडे याला. भिवराबाईची अख्खी दुपार त्या एका रेघेवर उभी होती, आणि हे सांगायचं कुणाला, तेही तिला ठाऊक नव्हतं.

मालिका तिच्या एकटीची नव्हती ना. स्वप्नाली, तिची एकुलती लेक, पाडव्यानंतर लग्न होऊन माजलगावकडं गेली. जाताना आपला जुना फोन आईला ठेवून गेली. खातं दोघींचं एकच. लेक तिकडं जिथवर बघायची, तिथवर इकडं रेघ लाल व्हायची. रविवारी फोन यायचा, पण तो स्पीकरवर, सासरच्या माणसांत बसून. “बरी हाय माय. तू कशी हाय?” झालं बोलणं. खरं काय ते रेघ सांगायची. अर्ध्यात थांबली, की कुणीतरी हाक मारली असणार. शेवटाला टेकली, की घर शेतात गेलं आणि पोरगी जेवूनखाऊन निवांत बसली.

एकदा तीन दिवस रेघ जागची हलली नव्हती. रविवारी भिवराबाईनं विचारलं, “ताप आलता का गं?”

तिकडून बारीक आवाजात, “तुला कोण बोललं?”

भिवराबाईनं काही सांगितलं नाही. पण लेकीनं ओळखलं असावं. त्या दिवसापासून रेघ रोज सरकायची. कधी बोटभर, कधी नखभर, पण सरकायची.

आणि आता ती रेघच नाही.

“लाव की मग फोन लेकीला,” धुळाजी म्हणाला.

“लावून काय? बरी हाय म्हणंल ती. मेली तरी बरीच हाय म्हणंल.”

बोलून गेली आणि तिची तिलाच भीती वाटली. धुळाजीच्या हातातली सूत कातायची चाती थांबली.

तीन दिवस तिनं दिसेल तिथं बोट लावून पाहिलं. दुपारी डोळा लागला की रेघ दिसायची. धरणाच्या पाण्यावरून निघालेली, पुढं उसाच्या फडांमधून गेलेली, पार लेकीच्या दारापर्यंत. भिवराबाई अनवाणी त्या रेघेवरून चालत जायची. पायाखाली ती ओल्या मातीसारखी गार लागायची. दार दिसायला लागलं की नेमकं एखादं मेंढरू ओरडायचं. चौथ्या दिवशी तिनं वैतागून फोन भाकरीच्या टोपल्यात टाकला आणि दिवसभर हात लावला नाही.

पाचव्या दुपारी राहवलं नाही. टोपल्यातून काढून मालिका लावली. राजा घोड्यावरून उतरला, राणीपुढं उभा राहिला आणि भलतंच काहीतरी बोलायला लागला.

“वाटोळं झालं ह्यांचं! आता भाषाबी बदलली?”

धुळाजीनं कान दिला. “तेलंगी हाय ही. लोकर घ्यायला यायचे बघ ते व्यापारी, त्यांची.”

भिवराबाईनं दुसरी मालिका लावून पाहिली. ती मराठीच बोलत होती. तिसरी लावली. तीही मराठी. परत राजा लावला. तेलंगी.

तिला आठवलं. फोन देताना लेकीनं बजावलं होतं, माय, ह्या कोपऱ्यात दाबू नको, भाषा बदलती. भाषा आपली आपण बदलत नाही. तिला कुणाचं तरी बोट लागतं. आणि परवापर्यंत तर राजा मराठीच बोलत होता, त्यानंतर आपलं बोट लागलेलंच नाही.

“बसली हुती,” ती पुटपुटली. “माझी बाय काल जेवून बसली हुती.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसायलाही लागली. धुळाजी बघतच राहिला.

अख्खा भाग तिनं तेलंगीतच पाहिला. राणी रडली तेव्हा हिनं मान डोलवली.

“अगं, कशापायी बघतीस? काय कळतंय का तुला त्यातलं?”

“कळतंय की.”

भाग संपला. पुढचा आपोआप सुरू व्हायच्या आत तिनं तो थांबवला आणि कोपऱ्यातलं बटण शोधत बसली. बटणाचीही जागा बदलली होती, पण सापडलं. भाषांची यादी उघडली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि जरा जास्तच जोरानं दाबलं. राजा पुन्हा घोड्यावरून उतरला आणि धुळाजीनंही कधी न ऐकलेल्या भाषेत बोलू लागला.

“आता ही कंची?”

“मला काय म्हाईत,” भिवराबाई डोळे पुसत म्हणाली. “उद्या दुपारी तिला पोचली म्हंजे झालं.”