साक्ष व्हायची राहिली

"साक्ष व्हायची राहिलीय म्हणतात," इम्तियाज दारातूनच म्हणाला. पळत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. "पाळकसाहेबांना घेऊनच ये म्हणाले. डॉक्टर सांगून गेलेत, संध्याकाळ काढणं कठीण आहे."

चर्चमध्ये बुधवारची बायकांची प्रार्थनासभा चालू होती. रेव्हरंड अनंत उजागरे, म्हणजे मंडळीचे पाळकसाहेब, आपलं नेहमीचं वाक्य सांगत होते, "वेळ थोडा आहे. मनातलं आजच बोला." ते वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"गेनबा?" त्यांनी विचारलं.

"हो. आमचे गेनबाकाका." इम्तियाजचं बुकबाइंडिंगचं दुकान गेनबाच्या घराखालीच होतं.

वासंतीबाईंनी हात जोडले. "ऐकलंत का गं? गेनबा साक्ष देणार!"

बायकांमध्ये आनंदाची लाट उसळली. ख्रिस्ती माणसाला साक्ष म्हटलं की एकच गोष्ट सुचते: प्रभूने मला कसं तारलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. आणि गेनबा हा तर मंडळीच्या प्रार्थनेतला कायमचा विषय. लोणी काळभोरचा हा शेतकरी, बायको गेल्यावर मुलीकडे नारायण पेठेत येऊन राहिलेला. अकरा वर्षं पाळकसाहेब दर महिन्याला न चुकता त्याच्याकडे जात. औषधं, मोसंबी, धीराचे दोन शब्द. गेनबा मोसंबी घेई, धीराचे शब्द ऐकून घेई आणि हूं की चूं करत नसे. पाळकसाहेब खडकावर पेरतायत, असं मंडळीतले जाणते म्हणत. तरी त्यांनी एक फेरी चुकवली नव्हती.

आज ते पीक आलं होतं. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र त्याचा आनंद दिसेना. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"शुद्धीवर आहेत? बोलतात?"

"सकाळपासून तुमच्याच नावाचा धोशा लावलाय."

"आणखी कोणाला बोलावलंय?"

"वरच्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांना. कागद-पेन घेऊन या म्हणाले."

आप्पासाहेब वकिली करून निवृत्त झालेले. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि उलटंच पिशवीत कोंबलं.

"जीप काढा ना साहेब, लवकर पोचू," इम्तियाज म्हणाला.

मिशनची जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, चारही चाकांची हवा गेलेली. जीप असून पाळकसाहेब सायकलवर फिरतात, याचं मंडळीला कोण कौतुक!

"रिक्षा बघ," ते म्हणाले.

वासंतीबाई प्रभुभोजनाची, मरणाऱ्याला द्यायच्या भाकर-द्राक्षरसाची पेटी घेऊन मागून धावल्या. "पाळकसाहेब, ही राहिली!" पण रिक्षा तोवर फाटकाबाहेर पडली होती.

लक्ष्मी रस्त्यावर लग्नसराईची गर्दी होती. रिक्षा दहा पावलं जाई आणि थांबे. पाळकसाहेबांना भीती वाटत होती. उशीर झाला तर? यापुढचा विचार ते मनातही पुरा करेनात. गेनबाच्या मनात काय आहे, ते अकरा वर्षांत त्यांना कळलं नव्हतं. दर फेरीला ते त्याच्या डोळ्यांत बघत आणि काही न कळता परत येत.

"प्रभू, एवढं एकदा वाचव," ते पुटपुटले.

इम्तियाज हळहळला. "वाचतील काका. अल्ला आहे, साहेब."

पाळकसाहेबांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. गेनबाची मुलगी मुक्ताबाई दारातच उभी होती.

"काही बोलले?"

"नाही. तुम्ही आल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणतात."

पाळकसाहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मुक्ताबाईलाच भरून आलं. परक्या माणसासाठी इतका जीव टाकणारे आता कुठे भेटतात, असं तिला वाटलं.

आप्पासाहेब खाटेजवळ खुर्ची ओढून, गुडघ्यावर कागद घेऊन बसले होते. "या. वकील आणि पाळक एकाच खाटेशी. डॉक्टरांनी हात टेकले, हे वेगळं सांगायला नको."

पाळकसाहेब त्यांच्याकडे न बघता गेनबाच्या उशाशी वाकले. "गेनबा, दमू नका. आपण दोघंच प्रार्थना करू. बाकीच्यांनी जरा बाहेर..."

"ऱ्हाऊ द्या त्यास्नी," गेनबा म्हणाला. आवाज क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते. "साक्षीला मानसं लागत्यात."

आप्पासाहेबांनी पेनचं टोपण काढलं. "हं, बोला गेनबा. तुमची साक्ष लिहून घेतो."

"माजी न्हाई."

"मग कोणाची?"

गेनबाने हात लांबवून पाळकसाहेबांचं मनगट धरलं. पकड सैल होती, पण हात सोडवून घ्यायचं बळ पाळकसाहेबांत उरलं नव्हतं.

"त्या सांजंला म्या बांधावरनं समदं बघितलं," गेनबा म्हणाला. "तवा कुनाला सांगितलं न्हाई, आन् आताबी साक्ष तुमीच द्यायची. वाटलं, हा मानूस दर म्हयन्याला मोसंबी घिऊन येतो, कंदी तरी आपल्या तोंडानं बोलंल. अकरा वर्सं वाट बघितली. आता मी चाललो. आनंदी माजी बायकू हुती. तिच्या वाटची माफी म्याच दिऊ शकतो, माज्यामागं ती कुनी दिऊ शकनार न्हाई." त्याने श्वास घेतला. "ती रस्त्यावर पडल्यावर जीप का थांबवली न्हाई, ते बोला. आजच बोला, पाळकसाहेब. येळ थोडा हाय."