राहिलेली सही

मेरियल वारल्यापासून तिची धाकटी बहीण ग्वेंडा घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला आपली वेगासाठी बनवलेली खास सायकल घरी ठेवून साध्या रोड बाइकवर यायची. आजही आम्ही चिडवलंच, “काय गं, बाजाराला निघालीस?” ती नुसती हसली. दहा मैल संपवून तिने रेषा ओलांडली आणि मी स्टॉपवॉच दोनदा पाहिलं. मेरियलचा एकोणीस वर्षं टिकलेला विक्रम तीन सेकंदांनी मोडला! गावच्या हॉलवर मी आकडा सांगताच ग्वेंडाच्या कपातला चहा सांडला. “शक्यच नाही! अरे, तिचा विक्रम मोडू नये म्हणून तर हे धूड आणते मी!” नियमाप्रमाणे शर्यतीनंतर हॉलवरच्या यादीत परतल्याची सही नसेल तर वेळ बाद होते. तिची सही राहिली होती. दोरीला बांधलेलं पेन मी पुढे केलं. तिने त्याला टोपण लावलं आणि विचारलं, “लिंबाचा केक कुणी केलाय?”